तोंड बघणारे उद्धवराव

उद्धवरावांबद्दल एक चांगली गोष्ट आहे, ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं मोकळेपणानं बोलता येईल. जनावराच्या तोंडात त्यांची नजर कधी चुकली नाही. भालकीकडच्या कुठल्याही बाजारात बैल उभा असायचा, मालक त्याच्या पाठीवर हात फिरवत पोराबाळांच्या शपथा घेत असायचा, आणि उद्धवराव काही न बोलता डाव्या हातानं वेसण धरून वय कळावं म्हणून उजव्या हातानं बैलाचा खालचा ओठ ओढून दात मोजायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, नाहीतर सगळे दात आलेला म्हणजे जुळलेला. त्यांनी एवढं म्हटलं की मालकाची शपथ तिथंच संपायची. उभा जन्म त्यांनी दलाली केली ती या एका नजरेवर.

वाईट गोष्ट अशी, की बाजारातून घरी आले तरी हा माणूस बाजारातच असायचा. कुणी भेटलं की आधी खोड शोधायची, मग राम राम. मी त्यांच्या शेजारचा. आमची भिंत एकच, आणि गावात भाड्याची जीप माझी एकट्याची, त्यामुळं त्यांच्या घरातलं मला बरंचसं ऐकू यायचं आणि उरलेलं बघायला मिळायचं. नको तेवढं मिळालं.

थोरल्या मुलासाठी, शिवशंकरसाठी, मुलगी बघायला ते बिदरला मैलूरमध्ये गेले, तेव्हाही गाडी माझीच होती. चहा-पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि उद्धवरावांनी पिशवीतून उसाचं कांडं काढून मुलीपुढं धरलं. दातानं सोलून दाखव म्हणाले. मुलीच्या बापाला आधी थट्टा वाटली. थट्टा नाही हे कळलं तेव्हा तो बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला. मुलगी अंबिका, कॉलेज केलेली, नवी साडी नेसलेली. तिनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि ऊस सोलला. रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला. उद्धवराव वाकून बघत होते.

"सहा दाती हाय," ते शिवशंकरला म्हणाले. "घ्यायला हरकत न्हाई."

सगळे हसले. मुलीकडचेही हसले, कारण मुलीकडच्यांना हसावंच लागतं. अंबिका पदराच्या टोकानं कोपर पुसत होती. ते बघून मला या माणसाचा पहिल्यांदा खरा राग आला.

आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण उद्धवरावांना बघूनच कुणीतरी केली असावी. कारण त्यांचं स्वतःचं तोंड केव्हाच नासलं होतं. सकाळी मिश्री, दिवसभर तंबाखू-चुना. हिरड्या सुजून जांभळ्या पडल्या होत्या. चूळ भरली की लाल पाणी पडायचं आणि ते म्हणायचे, पान खाल्लंय. खालचे दोन दात जीभ लागली तरी हलायचे. बोलताना ते खांद्यावरचा टॉवेल तोंडापुढं धरायला लागले होते. अंबिकाची मुलगी मंजुश्री तीन वर्षांची झाली होती, ती आज्जाच्या मांडीवर बसली की मान फिरवून बसायची. लहान पोरांना वास सहन होत नाही आणि लपवताही येत नाही.

दाताच्या डॉक्टरकडं जायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. लाज वाटत होती. दात हलणाऱ्या बैलाकडं गिऱ्हाईक कसं बघतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? उद्या बाजारात कुणी म्हणालं असतं, उद्धवराव, जरा तुमचाच ओठ खाली करा की. तेवढ्या भीतीनं ते दुखणं गिळून बसले.

मग एका गाईचा खूर त्यांच्या अंगठ्यावर पडला आणि जखम भरेना. भालकीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर निघाली. गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, तोंडाचा-दाताचा काही त्रास आहे का म्हणून विचारलं. उद्धवराव टॉवेलाआडून न्हाई म्हणाले. डॉक्टरांनी आ करायला सांगितलं तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी अंगठा दाखवायला आलोय.

पथ्य मात्र त्यांनी कडक पाळलं, हे कबूल करायला हवं. चहा बिनसाखरेचा, भात बंद, दोन वेळेला ज्वारीची भाकरी. घरात साखर मोजायचं मशीन आणलं. पण साखर काही खाली येईना. आज वाढलेली, उद्या त्याहून जास्त. गोळ्या वाढवल्या तरी तेच. अंगठ्याची जखम ओलीच राहिली. आणि उद्धवराव विचार करायला लागले. त्यांचा विचार बाजाराच्या रस्त्यानंच जाणार होता.

या धंद्यात एक लबाडी आहे. मरतुकडा बैल विकायचा असला की बाजाराच्या दिवशी पहाटे त्याला गुळाचं पाणी पाजतात आणि मीठ घातलेला कोंडा चारतात. पोट भरल्यासारखं दिसतं, डोळ्यात चमक येते, संध्याकाळपर्यंत बैल तरणा वाटतो. उद्धवरावांनी हे किती जणांच्या बैलांना केलं असेल, त्यांनाच माहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. एका सकाळी मशीनवरचा आकडा बघून ते राजूबाईला, म्हणजे बायकोला म्हणाले, माझ्या पोटात कुणीतरी गूळ घालायलंय.

घरात स्वयंपाक अंबिका करायची. संशयाला लांब जावं लागलं नाही.

त्यांनी तिची ट्रंक उघडायला लावली. साड्यांच्या खाली फडक्यात बांधलेला गुळाचा खडा निघाला. पोरीला रात्री भूक लागली की पोळीबरोबर द्यायला तिनं ठेवला होता. कारण पथ्य सुरू झाल्यापासून घरातला गूळ कुलपात होता आणि किल्ली उद्धवरावांच्या करगोट्याला. ट्रंकेतला खडा त्यांनी ओसरीवर आणून सगळ्यांना दाखवला. शेजारचे आम्ही चार-पाच जण होतोच.

अंबिका रडली नाही. ती सासऱ्यापुढं येऊन उभी राहिली आणि सरळ बोलली.

"मामा, तुम्ही जेवताव त्याच पातेल्यातलं आत्याबी जेवतात. आमटी कधी गोड लागली का, त्यांनाच इचारा."

सगळे राजूबाईकडं बघायला लागले. एक न्हाई तिच्या तोंडून निघालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. साखर चढेल एवढा गूळ रोज आमटीत पडला तर जिभेला कळणार नाही का? राजूबाईला ते कळत होतं. पण नवऱ्याच्या तोंडावर नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या अंगवळणी नव्हतं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि आत गेली.

उद्धवरावांना तेवढं पुरलं. ते म्हणाले, "गाय जाईल. वासरू ऱ्हाईल."

दिवाळीनंतरची ही गोष्ट. अंबिका दुपारच्या बसनं मैलूरला गेली, आणि मंजुश्री राजूबाईच्या कडेवरून बसच्या मागं हात करत राहिली. तिला वाटलं आई बाजाराला चालली आहे.

आता तुम्ही विचाराल, नवरा कुठं होता? शिवशंकर बिदरला कोळारमध्ये एका गोदामात सुपरवायझर. खोली करून तिथंच राहायचा, शनिवारी गावी यायचा. कोळार ते मैलूर अंतर ते काय! बायको माहेरी गेल्यावर तो दर आठवड्याला सासुरवाडीला जाऊन चहा पिऊन यायचा, तिची समजूत काढायचा, थोडं थांब म्हणायचा. आणि शनिवारी गावी आला की बापापुढं मान खाली घालून जेवायचा. असल्या माणसाला शिवी द्यायची म्हटलं तरी तोंड वाया जातं.

अंबिका गेल्यावर राजूबाई स्वयंपाक करायला लागली. साखर उतरायला हवी होती. ती आणखी चढली. दुसरा कुणी असता तर इथं शहाणा झाला असता. उद्धवराव म्हणाले, आधीचं अंगात भिनलंय, ते निघायला वेळ लागणार. गावापुढं काढलेला शब्द होता, तो मागं घ्यायचा म्हणजे बैल परत घेण्यासारखं. त्यांनी तो आणखी पक्का केला. पोरगी सारखी आई कुठंय म्हणून विचारायची. त्यांनी तिला उत्तर शिकवलं. ओसरीवर बसून, बोट धरून, पाढे शिकवावेत तसं शिकवलं.

"तुझी आई कामून गेली?" ते विचारायचे.

"आज्जाला गूळ घाती म्हून," पोरगी म्हणायची.

"तिच्या हातचं खायचं का?"

"न्हाई. थू."

थू म्हणताना ती खरंच थुंकायची आणि ओसरीवरचे लोक हसायचे. हसले की पोरगी खूश होऊन पुन्हा करून दाखवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खेळ दाखवायची उद्धवरावांना सवयच लागली.

संक्रांतीला अंबिका आली. बोलावल्याशिवाय आली, डब्यात तिळगुळाचे लाडू घेऊन. सणाच्या दिवशी दारातून कुणी परत पाठवत नाही, एवढ्या एका भरवशावर ती आली होती. मंजुश्री तिला बघून आधी राजूबाईच्या मागं लपली, मग हळूच पुढं आली. अंबिकानं तिला उचललं नाही. घाबरेल म्हणून खाली बसली, लाडूचा बारीक तुकडा मोडला आणि पोरीच्या तोंडात घातला. पोरीनं तो चघळला. गोड लागला असणार, कारण ती दुसरा मागायला पुढं झुकली.

उद्धवराव ओसरीवर टॉवेलाआड बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "मंजू, कुणाच्या हातचं खायलीस?"

पोरगी थांबली. आज्जाकडं बघितलं, आईकडं बघितलं. कुणाकडून शाबासकी मिळते हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं तोंडातला लाडू आईच्या मांडीवर थुंकला आणि हसून सगळ्यांकडं बघितलं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. ती गोंधळली, आणि तिनं पुन्हा एकदा थू केलं.

अंबिकानं मांडीवरचं पुसलं, डबा राजूबाईच्या हातात दिला आणि बसस्टँडकडं चालायला लागली. मी जीप काढली तर नको म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो, ते मी त्या दिवशी तिच्या पाठीकडं बघून शिकलो. डब्यातले लाडू उद्धवरावांनी गोठ्यात गाईला घातले.

उन्हाळ्यात त्यांचा गाल सुजला. आधी सुपारीएवढा, मग डोळा झाकेपर्यंत. ताप चढला, पाणी गिळवेना, अंगठा काळसर दिसायला लागला. मशीनवर आकडा येईना, नुसतं जास्त आहे असं दाखवायला लागलं. आता लाजायला जीवच राहिला नव्हता. मी, राजूबाई आणि शनिवारचा आलेला शिवशंकर, आम्ही मंजुश्रीला माझ्या घरी ठेवून त्यांना बिदरला घेऊन गेलो. शिवशंकरला माहीत असलेली दाताची डॉक्टर एकच, सासुरवाडीच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेली डॉ. मंगल.

दारावरचं आडनाव वाचून उद्धवरावांनी एवढ्या तापातही डॉक्टरबाईंचं गाव विचारलं, आणि मग जात कळावी म्हणून कोणत्या गल्लीतले तेही विचारलं. डॉ. मंगलनी गावही सांगितलं, गल्लीही सांगितली, हातमोजे चढवले आणि आ करा म्हणाल्या. ते करेनात. तेव्हा त्यांनी एका हातानं हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढला. मी दारात उभा होतो. उद्धवरावांचे डोळे मला दिसले. बाजारात बैलाचे दिसतात, तसेच होते.

वासानं शिवशंकर दोन पावलं मागं सरला. हिरडी दाबली की पू येत होता, एका ठिकाणी नाही, जिथं दाबावं तिथं. डॉक्टरबाईंनी विचारलं, हे किती वर्षांचं आहे? उद्धवराव टॉवेल शोधायला लागले. मग बाईंनी साखरेचे कागद बघितले आणि शिवशंकरला समजावून सांगितलं. साखर वाढली की हिरड्या सडतात, हे लोकांना कळतं. पण उलटंही असतं. हिरड्यांत असा पू मुरलेला असला की त्याचं विष रोज थोडं थोडं रक्तात जातं, अंग सतत त्याच्याशी झुंजत राहतं, आणि मग गोळी घेतली तरी साखर हटत नाही. ना साखर हिरडी बरी होऊ देते, ना हिरडी साखर उतरू देते. पायाची जखमही त्यातच अडकते. आधी मोठ्या दवाखान्यात नेऊन इन्शुलिन आणि पू आटवायची औषधं, मग दात काढायचे. थोडेच वाचतील.

शिवशंकरनं विचारलं, "मॅडम, कुणी जेवणात गूळ घातला असंल तर?"

"इतके महिने? रोज?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "जेवणाऱ्याला कळलं नसतं का? साखर वाढायची कारणं पुष्कळ असतात, पण हे तोंड असताना दुसरं शोधायला मी तरी गेले नसते."

मग कोपऱ्यातल्या बाकावरून राजूबाई बोलली. या बाईचा एवढा मोठा आवाज मी आमच्या सामाईक भिंतीतूनही कधी ऐकला नव्हता.

"मला कळत होतं. आमटी कधीच गोड न्हवती. मी भ्याले." मग ती नवऱ्याकडं वळली. "सुनेला आणल्याबिगर मी त्या घराची पायरी चढत न्हाई. तुमी जावा, अन् मशीन घेऊन बसा."

आणि ती खरंच उठली. नवऱ्याला खुर्चीत तसाच सोडून गल्लीत शिरली आणि व्याह्यांच्या दारात जाऊन बसली.

उद्धवराव आठ-दहा दिवस दवाखान्यात होते. अंगठ्याचं टोक गेलं, पाय वाचला. पुढच्या महिनाभरात दात निघाले, खालचे सगळे आणि वरचे मागचे दोन सोडून सगळे. तोवर राजूबाई व्याह्यांकडंच राहिली आणि मंजुश्री आमच्या घरी. साखर हळूहळू उतरायला लागली. गोळ्या तशाच होत्या, पथ्य तेच होतं, आणि आकडा खाली येत होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. शिवशंकरला एवढंच म्हणाले, आणा तिला. माझ्या जीपमधून आम्ही दोघींना घेऊन आलो, सासू पुढं, सून मागं. सगळ्या वाटेत अंबिका एकच विचारत होती, मंजूचं वजन कमी झालंय का?

संध्याकाळी तिनं चूल पेटवली. सासऱ्यासाठी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवल्या, ताकात कालवल्या. पोरीसाठी पोळी दुधात कुस्करली. मी डॉक्टरांच्या गोळ्यांची पिशवी द्यायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं.

उद्धवराव भिंतीला टेकून बसले होते. टॉवेल मांडीवर होता, आता झाकायला काही उरलं नव्हतं. त्यांना चमचा धरवत नव्हता म्हणून अंबिकानंच तो पुढं केला. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही, पण तोंड उघडलं. गुलाबी, पोकळ तोंड. एक चमचा, दोन चमचे. ज्या हातानं विष घातलं म्हणून गावभर सांगितलं, त्या हातानं ते मुकाट्यानं खात होते.

मग अंबिकानं दुधाची वाटी घेतली आणि मंजुश्रीपुढं बसली. पोरगी इतक्या महिन्यांत उंच झाली होती. आईनं घास पुढं केला तसे तिनं ओठ घट्ट मिटले. अंबिका हसून म्हणाली, गूळ न्हाई गं यात, नुसतं दूध हाय. तिनं घास ओठाला लावला. पोरीनं घेतला, आज्जाकडं बघितलं आणि जमिनीवर थुंकला.

"आज्जाला गूळ घाती म्हून," ती म्हणाली.

तेव्हा उद्धवराव पुढं सरकले. माझ्या देखत, माझ्यासारख्या परक्या माणसासमोर, त्यांनी नातीला सांगितलं की मी खोटं बोललो, तुझ्या आईनं काही केलं न्हाई, खा. त्यांना हे सांगायचं होतं हे मला कळलं, अंबिकाला कळलं. पोरीला कळलं नाही. दात नसलेल्या तोंडातून शब्द फुगून बाहेर येत होते आणि ती त्या हलणाऱ्या हिरड्यांकडं बघून हसायला लागली. आज्जानं नवा खेळ काढला असं तिला वाटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. ती आणखी हसली. मग आज्जा खूश व्हावा म्हणून तिनं पुन्हा जोरात थू केलं, आईच्या हातावर.

उद्धवरावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

पोरीला भूक लागली होती. राजूबाईनं अंबिकाच्या हातातून वाटी घेतली, तीच वाटी, तेच दूध, आणि घास पुढं केला. मंजुश्रीनं लगेच आ केला आणि सगळं संपवलं. अंबिका शेजारी पाण्याचा पेला धरून बसून राहिली. पोरीनं पाणीसुद्धा आज्जीच्याच हातून मागितलं.